बाकांची तोंडं

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वही आणून पंधरा दिवस झाले. रोज म्हणते, आज लिहीन. मग पेन सापडत नाही. पेन सापडलं की वही सापडत नाही — आज मिळाली आत्याच्या पिठाच्या डब्याखाली. डबा डुगडुगतो म्हणून तिनंच सरकवली होती. वहीला तेवढं तरी काम होतं.

तर — मला काम लागलंय. आत्याच्या घरासमोरची बाग दोन वर्षं बंद होती, आता दुरुस्त होऊन उघडलीय. नवी लादी, नवं कारंजं, आठ नवी बाकं. मी फाटक उघडते, झाडते, पाणी घालते, संध्याकाळी फाटक लावते. आत्या म्हणाली, "कॉलेज दोनदा सोडलंस, गावं पाच सोडलीस. बघू, बाग किती टिकते तुझ्यापुढे."

माझी पिशवी अजून खाटेखाली भरलेलीच आहे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

बागेत कुणी येत नाही. एक मांजर येतं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

नगरपालिकेचे ओव्हरसियर आले. बागेची दुरुस्ती त्यांच्याच देखरेखीखाली झाली. बगलेत फाईल. लादी बुटानं ठोकून बघितली, मग म्हणाले, "लोक कुठायत?" मी मांजराकडे बघितलं.

अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी येऊन माणसं मोजणार. बाग रिकामी दिसली तर मागचा अर्धा भाग गाड्या उभ्या करायला जाईल, वरून तसं आलंय म्हणे. सगळी सावली तर मागेच आहे!

आत्याला सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली. आतोबा गेले तेव्हा वर्षभर ती त्याच सावलीत शेजारणींबरोबर बसायची. "घराच्या भिंती ऐकतात गं," म्हणाली, "पण उलटून बोलत नाहीत." मग कांदा नसताना डोळे पुसले.

मंगळवार, १० फेब्रुवारी

शोध लागला. लोक आहेत — बागेच्या बाहेर! बागेला बुटका कठडा आहे, त्यावर लोखंडी गज. अर्धे त्या कठड्यावर बसतात, अर्धे समोरच्या दुकानाच्या पायऱ्यांवर. मध्ये गल्ली, आणि गल्लीवरून गप्पा. आठवडाभर मला दिसलं नाही, कारण मी कबुतरं मोजत होते.

कठड्यावरच्या नर्सबाईंना विचारलं, आत का नाही बसत? "सगळी बाकं एका रांगेत, तोंडं रस्त्याकडे," त्या म्हणाल्या. "बसलं की वाटतं आपला नंबर यायचाय. दिवसभर तेच बघते मी."

शेजारी सुतारआजोबा. बागेकडे पाठ. जुनी बाकं त्यांच्या हातची होती, समोरासमोर लावलेली. दुरुस्तीत ती उचलून नेली. "भंगारात घातली. एका शब्दानं विचारलं नाही मला. आता आत पाय ठेवणार नाही."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पाना मागून आणला. दोन बाकांचे नट काढून ती समोरासमोर लावली. परवानगी विचारली असती तर मिळाली नसती, म्हणून विचारली नाही.

नर्सबाई बसल्या — ऊन थेट डोळ्यांत. कठड्यावरच्याच शिंपीणबाई बसल्या — बाक कलंडलं, चहा मांडीवर. दोघी परत कठड्यावर.

"बाक फिरवलंस, सूर्य कोण फिरवणार?" सुतारआजोबांचा आवाज. पाठ बागेकडेच.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज आजोबांनी चार तास शिकवलं. गजांतून. ते बाहेर, नाक तेवढं आत. "बाकं आडवी फिरव, ऊन कडेनं जाईल. डावा पाय खोल गेलाय. पाचर घाल." पाचर कुठून आणू? त्यांनी खिशातून लाकडाची पाचर काढून गजांतून दिली. खिशात पाचर घेऊन कोण फिरतं?

दोन बाकांत अंतर किती ठेवू, विचारलं. "हळू बोललेलं ऐकू जावं आणि थुंकी उडू नये, एवढं."

मोजलं. माझी साडेतीन पावलं.

म्हटलं, आत येऊन दाखवा ना. "माझी बाकं आहेत का आत? मग माझं काय काम?"

शनिवार, २१ फेब्रुवारी

सहा बाकं झाली. शिंपीणबाई काज-बटणांचं काम घेऊनच येतात. नर्सबाई चपला काढून मांडी घालून बसतात. आज आत्या आली. "नुसती बघून जाते," म्हणाली. अंधारायला लागलं, मी कुलूप घेऊन उभी, तर म्हणते, "थांब गं जरा, शिंपीणबाईंच्या सुनेचं अर्धंच ऐकून झालंय."

मैत्रिणीचा निरोप आलाय, दुसऱ्या गावी चल म्हणून. उत्तर द्यायचं राहिलं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

एकवीस माणसं. ओव्हरसियरनी दोनदा मोजली. मग एका बाकाशी उकिडवे बसले आणि खालची पाचर बघत राहिले. बराच वेळ.

"बाकं कुणी फिरवली?"

"मी."

"आणि पाचर?"

मी कठड्याकडे बघितलं नाही. सुतारआजोबा आभाळात काहीतरी शोधत होते.

"सरकारी बाकं हलवायची नसतात," एवढंच म्हणाले, फाईलमध्ये काहीतरी लिहिलं, गेले. काय लिहिलं देव जाणे. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "तुझं काय, पिशवी भरलेलीच आहे," आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली. घासलेलीच होती ती.

रविवार, १ मार्च

फाटकाशी उभ्यानं लिहितेय. ओव्हरसियर आलेत! सुट्टीच्या दिवशी, पायात चपला, फाईल नाही. मागे हातगाडी, गाडीवर एक जुनं बाक. "ह्यालाही तसलीच पाचर आहे. भंगारात चाललं होतं, वडिलांसाठी घरी नेलं मी," म्हणाले. "ते गेले. आता व्हरांड्यात रिकामंच असतं." मग कठड्याकडे बघून, जरा मोठ्यानं, "मागचा भाग बागेचाच राहतोय. पण काल एक माणूस मोजायचा राहिला."

कठड्यावर आजोबा पुन्हा आभाळात शोधायला लागले. गाडीवाल्यानं बाक पाठीला धरून उचललं, तशी आजोबांची आरोळी — "पाठीला नको, पायांना धर, सांधा निघेल!"

आता ते बाकाचा एक पाय धरून कारंज्यापाशी उभे आहेत. आपण कुठे आहोत ते त्यांना अजून कळलेलं नाही. मी सांगणार नाही.