'यू ऑल राइट?'चं सविस्तर उत्तर

३ फेब्रुवारी, सोमवार
टीम लीडच्या जागेसाठी अर्ज भरला. सहा वर्षं या ऑफिसात राबतोय, जागा माझीच आहे. शिवाय मॅनेजर सारा रोज सकाळी न चुकता विचारते, 'यू ऑल राइट, डक?' 'डक' हे इथलं लाडाचं संबोधन. नॉटिंगहॅमची माणसं जीव लावतात. आज तिला गुडघ्याचं सविस्तर सांगितलं. एमआरआयपर्यंत पोचलो तेवढ्यात तिला फोन आला. रिंग ऐकू आली नाही, सायलेंटवर असावा.

५ फेब्रुवारी, बुधवार
बायकोचं, म्हणजे वरदाचं म्हणणं, तो प्रश्न नाहीच, नुसता नमस्कार आहे. 'नॉट बॅड, यू?' म्हणायचं आणि चालू पडायचं. मग विचारायचं कशाला? वरदाला माणसं कळत नाहीत. साराला आज घरचा बिघडलेला बॉयलर आणि आईचा मोतीबिंदू, दोन्ही सांगितलं.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०
सारा हल्ली लिफ्ट सोडून जिन्याने चार मजले चढते. माझ्या गुडघ्यावरून धडा घेतला असणार. शेजारच्या टेबलावरचा नील मात्र चार वर्षं 'नॉट बॅड'च्या पुढे गेलेला नाही. घुम्या. त्यानेही अर्ज केलाय म्हणे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
इंटरव्ह्यू झाला. अर्धा तास. आत शिरताच साराने विचारलं, 'ऑल राइट, गिरीश?' हातचं राखून बोलायचं नाही हे ठरलेलंच होतं. गुडघा, ॲसिडिटी, बॉयलर, मोतीबिंदू, आमच्या मिहीरचे गणिताचे मार्क. कामाबद्दल बोलायला सात मिनिटं उरली, पण पॅनेल गहिवरलं होतं. एकीने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. वरदाला पेढे करायला सांगितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
नील लीड झाला.
मला मेल. तुमच्या मोकळेपणाचं कौतुक वाटलं, पण घरचं आणि तब्येतीचं एवढं चालू असताना आणखी भार टाकणं बरं वाटेना. सोबत तब्येतीच्या चौकशीचा फॉर्म, नऊ पानी. सहा वर्षं घासली, त्याचं हे फळ. टॉयलेटमध्ये जाऊन रडून आलो.
संकल्प: यापुढे 'नॉट बॅड, यू?' त्याउपर एक शब्द नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
संकल्प पाळतोय. सारा पुन्हा लिफ्टने यायला लागली.
दुपारी नील खुर्ची ओढून शेजारी बसला. आवाज खाली आणून म्हणाला, 'मी खरंच विचारतोय, यू ऑल राइट?'
मी म्हटलं, 'नॉट बॅड, यू?'
तो उठला. मग खुर्ची जागेवर ठेवून गेला.
सांगायला केवढं होतं. गुडघा आज खरोखरच दुखतोय.