राहू दे निजलेलं

अझरू,
हिवाळ्याचे दिवस

प्रिय बाबा,

पाकीट हातात आलं की तुम्ही आधी मागचं नाव बघाल आणि मग खिडकीपाशी जाऊन वाचाल, असं मी मनाशी धरलंय. तुम्ही खरोखर कसं वाचता हे मला ठाऊक नाही, म्हणून मीच ठरवून टाकलं. तुमचा फोन नंबर बदलला, पण तोरिनोचा पत्ता तोच आहे असं हम्मूकाका म्हणाला. म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, चहात दुसऱ्यांदा साखर घातली. इकडे थंडी यंदा लवकर आली. चहात पुदिन्याऐवजी दवणा पडायला लागलाय. आई अंथरुणावर आहे, अंगात ताप आहे आणि ती पुन्हा इस्पितळात जायला अजिबात तयार नाही. हे सगळं पत्र त्या एकाच गोष्टीबद्दल आहे, पण ती सरळ सांगायला मला जमत नाहीये.

मी समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, हे तुम्हाला कळलं असेल किंवा नसेल. मेकनेसला तीन मुली मिळून एक खोली घेतलीय, वर्गात अर्धा वेळ संप आणि अर्धा वेळ मार्क्स-वेबर. सुट्टीत गावी आले की बायका माझी टर उडवतात. शेजारची इत्तो म्हणते, "पोरी, तुझं शास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकवायचा परवाना. आम्ही बिनपरवान्याचं करतो एवढंच." शेवटच्या वर्षी प्रत्येकाला छोटा प्रबंध लिहावा लागतो. कुणी फुटबॉलवेडी पोरं घेतली, कुणी ऑलिव्हच्या मळ्यातल्या मजूर मुली. मी घेतलं निजलेलं मूल.

आपल्याकडे ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवरा परदेशी, बायकोला दिवस गेलेले, दिवस भरतात आणि मूल काही होत नाही. मग म्हणायचं, ते पोटात निजलंय, बाप आला की उठेल. मी लिहिलं की ही गावाची बाईला सांभाळून घ्यायची रीत आहे. मूल उशिरा झालं तरी, झालंच नाही तरी, कुणी तिच्याकडे बोट दाखवत नाही, आणि गेलेला नवराही थोडा घरात राहतो. प्रबंध तपासणाऱ्या आमच्या बतूलबाई खूश झाल्या. एवढंच म्हणाल्या, की संशोधकानं आपण स्वतः कुठं उभे आहोत ते लिहायचं असतं, ते तू लिहिलेलं नाहीस. मी एक ओळ घातली, की मी याच भागातली आहे. असंच मूल निजलेल्या आईच्या पोटाला पाठ लावून मी लहानाची मोठी झाले, ते काही घातलं नाही.

तुम्ही त्या दुपारी बघितलेल्या नाहीत. हातमागासमोर बसून आई पोटातल्या त्याच्याशी बोलायची. कुणाचं लग्न ठरलं, कुठली बकरी व्याली, आज मी शाळेत काय दिवे लावले. मला ती कधी इतकं सांगायची नाही. मला त्याचा हेवा वाटायचा, बाबा. एकदा तर मी चिडून म्हणाले की ते मेलेलं आहे. आई रागावली नाही. तिनं पोटावर हात ठेवला, आपण मुलाचे कान झाकतो तसा, आणि पुढचा धागा ओवला.

प्रबंधासाठी मी सुईण लल्ला तौदाकडे गेले. ती आता फार थकलीय, डोळ्यांना दिसत नाही, पण आईची वेळ तिला लख्ख आठवते. तुम्ही गेल्यानंतरचे सातूच्या कापणीचे दिवस होते. कळा सुरू झाल्या, रात्रभर चालल्या आणि उजाडताना थांबल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. बाप येईपर्यंत निजू दे म्हणून तौदानं लाल लोकरीला गाठ मारली आणि आईच्या मागावर बांधली. दुसरं काय करणार होतं कुणी? मी पुढचा प्रश्न विचारायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, इतक्या घरांत विचारत फिरतेस, स्वतःच्या आईच्या पोटावर कधी हात ठेवलास का?

मी घरी येऊन ठेवला. आई झोपली होती. हाताला वरवंट्यासारखं कठीण लागलं. मी हात काढणार, तेवढ्यात ते आतून सरकलं. बाबा, मी शिकलेली मुलगी आहे, आतडं हलतं हे मलाही कळतं. पण ते माझ्या तळव्याखाली आलं आणि थांबलं. आईनं डोळे न उघडता म्हटलं, "तुला ओळखलं त्यानं." मी बाहेर जाऊन चुलीत लाकडं सारत बसले. गरज नसताना.

मग दुखणं आणि ताप. मी तिला जवळजवळ उचलूनच टॅक्सीत घातलं आणि मेकनेसला नेलं. तरुण डॉक्टर होता, बोलायला मऊ. त्यानं पोटाचा एक्स-रे फोटो काढला आणि मला एकटीला आत बोलावलं. पडद्यावर पोटाच्या जागी एक मूल होतं. गुडघे पोटाशी, मान छातीवर, बरगड्या अगदी बारीक, फणीच्या दातांसारख्या. तो सांगत होता, की गर्भ पिशवीच्या बाहेर वाढला, तिथंच गेला, आणि शरीरानं त्याच्याभोवती चुन्याचं कवच केलं. क्वचित होतं असं. आता आजूबाजूला सडायला लागलंय, कापून काढलं नाही तर आई जाईल, आणि वेळ फार नाही. मला हसू फुटलं. सबंध प्रबंधात मी सिद्ध केलं होतं की ते मूल म्हणजे बोलायची एक पद्धत आहे, आणि त्याला तर हाताची बोटं होती. डॉक्टरला वाटलं मी रडतेय. दगड हलतो का, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, नाही.

आईला मी फोटो दाखवला. तिनं तो मांडीवर घेतला, बराच वेळ बघितला आणि नाक तुमच्यावर गेलंय म्हणाली. कापायचं नाव काढताच मात्र तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी चिडले, पाया पडले, मशिदीतल्या इमामांना आणलं, बतूलबाईंनासुद्धा फोनवर बोलायला लावलं. तिचं उत्तर एकच. "त्यानं मला सांगितलंय, राहू दे निजलेलं. त्याच्या शब्दावर निजलंय, मी कोण उठवणारी?"

ते तुम्ही म्हणाला होता बाबा. मी शाळेत जायला लागल्यावर तुम्ही एकदा उन्हाळ्यात आला होता. आईनं तुमचा हात धरून पोटावर ठेवला, आता उठव म्हणाली. तुम्ही हसलात. "राहू दे निजलेलं, आधी तिकडे राहायचे माझे कागद होऊ देत." मी दारात चॉकलेट खात उभी होते. तुम्ही थट्टेत म्हणाला असाल. पण तिनं ते धरून ठेवलंय, आणि कागद तर कधीच झाले, हे मला ठाऊक आहे. तिथली तुमची दोन मुलंही मी फोनवरच्या फोटोत बघितली आहेत. धाकट्याची हनुवटी माझ्यासारखी आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. तुमच्यावर आहे, भरपूर आहे, पण तो आज लिहीत बसले तर उशीर होईल.

पैसे नकोत, आणि खुलासाही नको. आईनं काल पहिल्यांदा वेगळं काही म्हटलं. "तो येत नाही असं त्यानं एकदा स्वतःच्या तोंडानं सांगू दे. मग मी कुणासाठी सांभाळू?" म्हणून हे पत्र. पत्र मिळेल त्या दिवशी पाकिटामागे लिहिलेल्या नंबरवर फोन करा. आईला सांगा की तुम्ही येणार नाही, तिनं वाट बघू नये. मला माहीत आहे मी काय मागतेय. हे ऐकून तिचं काय होईल तेही माहीत आहे, पण ते घेऊन ती जगेल, आणि मी तिच्याजवळ आहे. त्याआधी मी फोन क्षणभर तिच्या पोटाशी धरीन. तेव्हा त्यालाही सांगा, की जा आता, तुला मोकळं केलं. ते ऐकेल की नाही हे माझ्या शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. फक्त बोलताना आवाज चढवू नका, बाबा. ते अजून लहान आहे.

तुमचीच,
इज्जा