सासूबाईंचा खरा रंग

३ फेब्रुवारी
देवाचं नाव घेऊन कामाला हात घातला. रविवारी सासूबाईंना पंच्याहत्तर पूर्ण. कार्यक्रम जावेकडे, तिचा हॉल मोठा, तोंडही. पण फोटो मी देणार. सासूबाईंचा एकटीचा फोटो आजवर कुणी लावलाच नाही. सगळीकडे कुणाच्या तरी खांद्यामागे अर्ध्या. यांनी ऑफिसातून आणलेला प्रिंटर धूळ खातोय, मग दुकानदाराच्या घशात पैसे कशाला? मॅट्रिकला चित्रकलेत मी पहिली होते.

संध्याकाळी
पहिला प्रिंट. शी. पडद्यावर गव्हाळ, कागदावर शेवाळ. लेक म्हणाली, आई, मॉनिटर आणि प्रिंटरचे रंग आधी जुळवावे लागतात, कॅलिब्रेशन म्हणतात. फोटोवाल्याकडे पडद्याला लावायचं यंत्र आहे, आणू का? म्हटलं, देवाने दोन डोळे फुकट दिलेत, ते वापर.

४ फेब्रुवारी
मॉनिटरची बटणं दाबून दाबून सासूबाईंना टवटवीत केलं. छापलं. तेच शेवाळ. लेक म्हणते, आरसा पुसला म्हणून तोंड धुतलं जात नाही. उलट बोलायला तेवढं येतं. शाई बोटांना लागली, बोटांची जपमाळेला. ओंगळ यंत्र.
तसं यंत्राचंही फार चुकत नाही म्हणा. सासूबाई वर्षभर हिरवट दिसतातच. हॉलला तो निम्म्या भावातला पोपटी रंग दिला, तेव्हाची धूळ बाधली असणार. मी रोज कडू काढा देते. तोंड फिरवतात. उपकाराची जाणीव नाही.

६ फेब्रुवारी
युक्ती सापडली. पडद्याकडे बघायचंच नाही. फोटोतला हिरवा थोडा कमी करायचा, छापायचं, हॉलच्या भिंतीला लावून बघायचं, पुन्हा कमी. कागदाचं दुसरं पाकीट आणलं. हिशेबात 'किरकोळ' लिहिलं. शेवटी जमलं. अगदी जिवंत सासूबाई. हे म्हणाले, पडद्यावर आई जांभळी दिसतेय. यांना स्वतःचे मोजे जुळवता येत नाहीत.
फ्रेम करून कागदात गुंडाळला.

८ फेब्रुवारी
जावेच्या पांढऱ्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर उघडला. वांगं. जाऊ म्हणाली, अगं बाई, आईंना रात्रभर गारठ्यात ठेवलं होतंस की काय? सगळे खिदळले. एकेकाचे दात बघून किळस आली. सासूबाईंनी फोटो उलटा करून मांडीवर ठेवला.
त्या स्वतः मात्र तिथे तजेलदार दिसत होत्या. जावेने पावडर फासली असणार.

९ फेब्रुवारी
पडद्यावर एक आणि कागदावर भलतंच का, म्हणून फोटोवाल्याला जाब विचारायला गेले. सासूबाई हट्टाने बरोबर. पहिला शेवाळी प्रिंट त्याच्या टेबलावर आपटला. तिथल्या पांढऱ्या उजेडात तो गव्हाळ झाला. फोटोवाला म्हणाला, नशीब काढलंत बाई, मॉनिटर ठीक, प्रिंटर ठीक. घरात भिंती कसल्या रंगाच्या आहेत? सासूबाईंनी सांगितलं, पोपटी. मग काढ्याचंही सांगितलं. तो मेला मागच्या खोलीत जाऊन हसला.

१० फेब्रुवारी
सासूबाई गव्हाळ फोटो घेऊन जावेकडे राहायला गेल्या. परत कधी, ते बोलल्या नाहीत. हे म्हणतात रंगारी बोलवू. कशाला? अर्धा डबा पोपटी अजून शिल्लक आहे.
जांभळा फोटो वाया कशाला घालवायचा, हॉलमध्ये लावला. इथे तो हुबेहूब दिसतो.
संध्याकाळी सवयीने काढा केला. ओतून कसा द्यायचा, म्हणून मीच प्याले.
शी.