दादा आत आहे

२ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. प्रोस्टेटचा कॅन्सर. मी अजिबात घाबरलो नाही. दुकानात येऊन तीन काचा कापल्या, तिन्ही तडकल्या. खराब लॉट. सप्लायरला झापायला हवं.
डॉक्टरीण पोरगेली आहे, पण नीट बोलली. गाठ अजून बाहेर पसरलेली नाही. दोन रस्ते आहेत, ऑपरेशन नाहीतर रेडिएशन. दोन्हींचे तोटेही सांगितले. लघवीची गळती, थकवा, आणि आणखी एक गोष्ट, जी बायकोसमोर सांगायची काय गरज होती कळत नाही. महिन्याभरात ठरवा म्हणाली. महिना कशाला? माझा जन्म फ्रेमा निवडण्यात गेलाय. गिऱ्हाईक फोटो टेबलावर ठेवतं तोवर लाकूड कुठलं, पट्टी किती रुंद, माझं ठरलेलं असतं. रविवारपर्यंत निर्णय.

८ फेब्रुवारी, रविवार
आज नको. रविवारी डोक्याला विश्रांती हवी.

१९ फेब्रुवारी
बायकोने विचारलं, ठरलं का. म्हटलं, अभ्यास चालू आहे. ती म्हणाली की अभ्यासाला पुस्तक उघडावं लागतं. हॉस्पिटलची पुस्तिका अजून पिशवीतच आहे हे तिला कसं कळलं कोण जाणे.
दादा असता तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. दुकान कुठे घ्यायचं, लग्न कुणाशी करायचं, दाढी ठेवायची का, सगळं त्यानेच ठरवलं. मी फक्त पार पाडायचो. त्यालाही हेच दुखणं होतं. त्याने उगाच घाई केली नाही. बघू म्हणाला आणि शेवटपर्यंत बघत राहिला. लोक म्हणतात कॅन्सरने गेला. मी म्हणतो, कॅन्सर असताना गेला. फरक आहे.

४ मार्च, दुपार
दादा दुकानात आला होता.
नोंद करतो की मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. म्हणून त्याला भूत म्हणत नाही. मागे काचांच्या खोक्याजवळ त्याचं स्टूल आहे, त्यावर पाठ करून बसला होता. शेवटी शेवटी त्याची मान बारीक झाली होती, तेवढीच बारीक. मी काही बोलायच्या आत उठला आणि बाथरूममध्ये गेला. आतून कडी. थेंब थेंब आवाज, मग काहीच नाही.
मलाही जायचं होतं. थांबलो. मोठा भाऊ आत असताना दार वाजवायचं नाही हे लहानपणापासूनचं वळण.

११ मार्च
रोज येतो. रोज आत जातो. डॉक्टरणीने फोनवर विचारलं, लघवीला वेळ लागतो का. लागतो, पण कारण वैद्यकीय नाही. बाथरूम रिकामं नसतं. हे तिला सांगितलं नाही, उगाच वेगळ्याच डॉक्टरकडे पाठवायची.
महिना संपला. तिला कळवलं की मी निरीक्षणाखाली राहणार. ती म्हणाली की ते सौम्य गाठीसाठी असतं, तुमची तशी नाही. शिवाय निरीक्षण म्हणजे वेळच्या वेळी रक्त तपासणं, घरी बसणं नव्हे. म्हटलं, अगदी बरोबर. रक्त पुढच्या आठवड्यात.

१५ एप्रिल
रक्त राहिलं. दुकानात गर्दी. (एक बाई.) नवऱ्याच्या फोटोला फ्रेम हवी होती. म्हटलं, काळी पट्टी, फोटोभोवती पांढरा माउंट, विषय संपला. ती म्हणाली की नवरा हयात आहे, बाहेर गाडी लावतोय. चूक कोणाकडूनही होते. पण तो आत आला, माझ्याच वयाचा निघाला, आणि त्याच्या फ्रेमची पट्टी मी दोनदा आखूड कापली. मोजपट्टी झिजली असणार.

२ जून
दुसरा डॉक्टर पाहिला. त्यानेही तेच सांगितलं. पळसाला पाने तीनच. तरी एखादा तिसरा पाहावा.

२७ जुलै
आज दादाला सरळ विचारलं. बाथरूमच्या दाराशी उभा राहून म्हटलं, एक ठोका म्हणजे ऑपरेशन, दोन म्हणजे रेडिएशन. ठोका आला नाही. फक्त श्वास, हॉस्पिटलमध्ये शेवटी होता तसा, ओढून ओढून घेतलेला. मग पायाला ओलं लागलं. पाइप गळत असावा. प्लंबर बोलावला. त्याने सगळे नळ तपासले, माझ्या पँटकडे पाहिलं आणि पैसे न घेताच गेला. भला माणूस.
भीती वाटली. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. फार भीती वाटली.

१८ ऑक्टोबर
बायको रडली. म्हणाली की तुमच्या बघूबघूने माझा जीव टांगणीला लागलाय. तिला शब्द दिला. दादाने माझ्यासाठी काय ठरवलं असतं ते वहिनीला विचारतो आणि तसंच करतो. शेवटी आपला निर्णय आपणच घ्यावा लागतो.

२१ ऑक्टोबर
वहिनी हसत सुटली. म्हणाली की भावजी, तुमच्या दादांनी जन्मात कधी काही ठरवलंय का? दुकानाची जागा तिने पाहिलेली. माझी बायको तिने पसंत केलेली. दाढी काढायला तिने सांगितलं, कारण तिला ती बघवत नव्हती. दादा आधी तिला विचारायचा आणि मग येऊन मला हुकूम सोडायचा.
मग तिचं हसू थांबलं. ऑपरेशन करा म्हणून तिने दादापुढे हात जोडले होते. तेवढं एकच त्याने ऐकलं नाही. मी विचारलं, का? म्हणाली, घाबरले होते हो. आणि शेवटी मलाच म्हणायचे, मला ऑपरेशनला उचलून का नाही नेलंस.
म्हटलं, मग मी काय करू? वहिनी म्हणाली की ते मी सांगणार नाही, एकदा सांगून पाहिलंय.

२२ ऑक्टोबर
ठरलं! ऑपरेशन. माझं मी ठरवलं. बायको माझा हात धरून बसून राहिली. डॉक्टरणीला फोन केला. आधी रक्त आणि नवा स्कॅन. हरकत नाही, इतके दिवस थांबलो तसे आणखी थोडे.

३ डिसेंबर
डॉक्टरणीने स्कॅन दाखवला. कण्यात आणि खुब्यात डाग. आता ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाली. इंजेक्शनं आणि गोळ्या. आजार दाबून ठेवता येतो, कधीकधी वर्षानुवर्षं. मी म्हटलं, पण माझं ऑपरेशनचं ठरलं होतं. ती हो म्हणाली आणि पहिल्या इंजेक्शनची तारीख लिहून दिली.
दुपारी दुकानात दादा होता. पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बसला होता. घाबरलेला. इतके दिवस वाटायचं तो मला सांगायला येतो. तो विचारायला येत होता.

१० डिसेंबर
पहिलं इंजेक्शन. पोटात देतात. नर्सने सुई भरली आणि विचारलं, काका, डावीकडे देऊ की उजवीकडे, दोन्हीकडे चालतं. मी बायकोकडे पाहिलं. बायको नर्सला म्हणाली की त्यांचं त्यांना ठरवू द्या. दोघी थांबल्या. मी सदरा वर धरून पडून होतो. दोन्ही बाजूंचा नीट विचार केला. बाहेर पेशंट ताटकळलेत म्हणाली नर्स, आणि डावीकडे देऊन मोकळी झाली.
डावीच योग्य होती. माझंही तेच ठरत आलं होतं.