कुलदीपच्या घरचं पान

चेंबूर, ७ जानेवारी २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि वहिनी माझं अर्धंच तुला सांगते, म्हणून हे पत्र. निवृत्त होऊन करणार काय, असं तू विचारलं होतंस. मानवी हक्कांच्या कामात जन्म गेला, त्यात एम.ए.च्या वर्गातलं कुणी भेटलंच नव्हतं. आता माजी विद्यार्थ्यांच्या मंडळात गेले आहे. जुन्या मैत्रिणी सापडल्या. सगळ्या जाड झाल्या आहेत, मीही.

आणि मंडळाचा अध्यक्ष कोण, तर कुलदीप. तू गावकीचा निवाडा न मानता कोर्टात गेलास म्हणून त्यांनी आपलं घर वाळीत टाकलं, तेव्हा चौकशीला आलेला सरकारी साहेब. माझ्याच वर्गात शिकलेला. गावकीच्या पुढाऱ्याकडे कोंबडी खाऊन, गावात सलोखा आहे, असं लिहून गेला. त्यानंतर बाबा गेले तेव्हा आपल्या दारात कुत्रं फिरकलं नाही. आता त्याने मांडव्याला बंगला बांधलाय आणि स्नेहसंमेलन तिथेच आहे. मी जाणार. त्याला सोडणार नाही.

वहिनीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी
जागृती


खारवाडी, थळजवळ, १८ जानेवारी

चि. जागृतीस,
अ. उ. आ.

त्याचं नाव ऐकून तुझ्या वहिनीने कडाकडा बोटं मोडली आणि तव्यावरची भाकरी करपवली. गावातला दुकानदार मीठही देईना, म्हणून ही पोटुशी असताना थळच्या बाजारापर्यंत चालत जायची. ती विसरलेली नाही, मीही नाही. तू खुशाल जा. चारचौघांत त्याला उघडा पाड, आणि त्याचं तोंड कसं झालं ते सविस्तर लिही.

वाल भरलेत. मडक्यात भाजलेल्या शेंगांच्या पोपटीला आलीस तर तुझ्या हडकलेल्या साहेबी अंगाला जरा बरं, असं लिहिणार होतो, पण तू जाड झालीस म्हणतेस.

आम्हा दोघांचा आशीर्वाद आहेच.

तुझा
दादा


चेंबूर, ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उशिरा लिहिते आहे, पण गोड लिहिते आहे. संमेलनात त्याचं हक्कांवर भाषण झालं. मग मी माईक घेतला आणि सगळं सांगितलं, वहिनीच्या मिठासकट. त्यानंतर त्याच्याशी कुणी बोललं नाही, त्याच्या टेबलावर कुणी बसलं नाही. स्वतःच्याच अंगणात ताट घेऊन एकटा उभा होता. मी पोटभर जेवले. पुढच्या आठवड्यात अध्यक्षपद गेलं, ग्रुपमधूनही काढला.

आता त्याची बायको वारली आहे. गुरुवारी तेरावं. त्याने एकेकाला फोन करून बोलावलं. कुणीही जायचं नाही, असं मी ग्रुपवर लिहिलं आणि सगळ्यांनी होकाराचे अंगठे दाखवले. मला वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली, दादा. अजून वाटलेलं नाही.

लोभ वाढता असावा.

तुझी
जागृती


खारवाडी, १६ मार्च

चि. जागृतीस,
अ. उ. आ.

खोटं कशाला सांगू, गुरुवारी आम्ही दोघं मांडव्याला गेलो ते त्याची फजिती बघायलाच. तुझी वहिनी तर ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

ओटीवर केळीची पानं मांडलेली होती. आचारी पायरीवर बसून पेंगत होता. नव्या बंगलेवाल्याला आसपासचं कोण ओळखणार, आणि तुमच्यातलं कुणी आलं नव्हतं. हिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, हसतेय. मग म्हणाली, की बाबांच्या तेराव्याचं आपण रांधलेलं सगळं गुरांपुढे ओतलं व्हतं. आणि सरळ जाऊन पानावर बसली.

मी उभाच होतो. माझा राग गेलेला नाही, आजही नाही. पण बायको जेवतेय आणि मी फाटकात, हे काही बरं दिसेना. मीही बसलो. वाढायला तो स्वतः आला. ओळखलं नाही, कोण म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं, तसा तो भाताचं भांडं घेऊन तिथेच खाली बसला. काहीतरी बराच वेळ बोलत होता. मला ऐकू आलं नाही, आणि काय म्हणाला ते मी हिलाही विचारलेलं नाही.

तू चिडशील. गावकीचे कायदे तू जन्मभर कोर्टात सांगत आलीस, तेव्हा तुला वेगळं सांगायला नको. वाळीत टाकलेल्याच्या घरी जो जेवतो, त्यालाही वाळीत टाकतात. तर आमच्या घरी यायचं की नाही, ते तुझ्या मंडळाला विचारून कळव.

आमचा लोभ आहे तसाच आहे.

तुझा
दादा