भुयाराचं दार

कारामोर हाऊस, परगणा गॉलवे
९ फेब्रुवारी १९२३

प्रिय मॅलकी,

अनेक आशीर्वाद. आईचा खोकला उतरलाय. तू घराकडे फिरकत नाहीस म्हणून ती रोज तुझ्या नावाने खडे फोडते, आणि रोज तुझ्या वाटणीचा पाव झाकूनही ठेवते. डोंगरात बंदुका घेऊन हिंडणाऱ्यांना कोरडे मोजे मिळतात का रे? दोन जोड पाठवतेय. पत्र त्यातच लपवलंय, वाचून जाळ.

इकडे सगळं ठीक. म्हणजे, घोडे विकले, तबेल्यात आता कोंबड्या. अंडी आणायला मीच तळघरातून तबेल्यात निघणाऱ्या भुयारातून जाते. परवा पलीकडचं दार उघडेना. मग हिरवळीवरून वळसा घालून गेले, तर बाईसाहेब दिवाणखान्याच्या खिडकीतून ओरडल्या, "डीलिया, भुयार कशाला बांधलंय?" त्यांना तळं दिसावं आणि आपण नोकरमाणसं दिसू नये म्हणून बांधलंय. मला काय माहीत नाही?

दाराला बाहेरून फळी ठोकलेली. खिळे जोडीजोडीने, तिरके. असे खिळे बाबा ठोकायचे, आणि बाबांनी ते तुलाच शिकवलं होतं. तबेल्यात मोडक्या बग्गीखाली पेंढ्यात पेट्रोलचे डबे होते. मी पेंढा होता तसा सरकवला. स्वयंपाकघरात सांगितलं, दार ओलीने फुगलंय.

मला कळतं रे. कुणी मागून निसटून सरकारी शिपायांच्या बराकीत वर्दी देऊ नये, म्हणून ती फळी. तुम्ही पुढच्या दारी याल, सगळ्यांना बाहेर पडायला सांगाल, मग आग लावाल. पण तूही इथे घोडे धुतलेस ना? पुढच्या दारातून कधी गेलास? आम्ही सहाजणी तळघरात निजतो. स्वयंपाकीण हेशनबाई ठार बहिऱ्या, उभ्या जन्मात त्यांनी वरच्या दालनात पाय ठेवलेला नाही. धूर झाला की त्या सवयीने भुयारातच धावणार, आणि पोरी त्यांच्यामागे.

फळी मीच काढली असती. पण मग तुझ्या माणसांना कळेल की बातमी फुटली, आणि या घरात बहीण कुणाची आहे? तुला गोळी घालतील. बाईसाहेबांना सांगावं, तर सरकारी शिपाई घालतील. म्हणून गप्प आहे.

घर जाळायचं तर खुशाल जाळा. त्या खांबांसाठी मी रडणार नाही. फळी तेवढी तू काढ.

आई म्हणते, चार दिवस राहायला ये. नाही जाणार. हेशनबाईंना ओढून पुढे नेता आलं तर नेईन. नाही जमलं, तर त्यांना एकटं सोडणार नाही.

भुयाराच्या दाराच्या आतल्या बाजूला असेन.

तुझी ताई,
डीलिया