पाण्यातलं शिसं आणि सुटा कीबोर्ड

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१०
पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेतल्या बाई आज बागेत भेटल्या. पेन ड्राइव्ह दिला. उत्तर भागातल्या नळांच्या पाण्यात शिसं, मर्यादेच्या तिप्पट. वरच्यांनी अहवालातले आकडे बदलले. बाई म्हणाल्या, माझं नाव कुठे येता कामा नये, पण लवकर छापा, शाळेतली पोरं पितात ते पाणी. मी म्हणालो, निश्चिंत असा, बावीस वर्षं वार्ताहर आहे.
घरी येईपर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं. एक कुत्रा होता. त्याच्या हेतूबद्दल खात्री देता येत नाही.

४ फेब्रुवारी
ऑफिसचा कॉम्प्युटर बाद. तिथे कोण काय उघडतं ते सगळ्यांना दिसतं. घरचा बाद. त्यावर बायकोची शिकवणी चालते.
निर्णय: स्वतंत्र टॅबलेट, सुटा होणाऱ्या कीबोर्डचा, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. लिनक्स कुणाकडे चुगली करत नाही, असं मेव्हणा म्हणतो आणि त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. टॅबलेट अशासाठी, की पळताना काखेत मावतो. कीबोर्ड सुटा अशासाठी, की पळताना टाकून देता येतो.
शनिवारी खरेदी. रविवारी लेख. सोमवारी खळबळ.

७ फेब्रुवारी, शनिवार
अकरा यंत्रांचा तौलनिक तक्ता केला. रकाने तीन: गुण, दोष, भय. एकाचा कॅमेरा लिनक्सवर चालत नाही. (गुणात घातलं.) एकाला झोपवलं की उठत नाही. एकाचा कीबोर्ड काढला की स्क्रीन आडवी होते, ती पुन्हा उभी राहत नाही. भयाचा रकाना दुसऱ्या पानावर गेला.
खरेदी लांबणीवर. आजच्या पत्रकारितेत घाई फार बोकाळली आहे.

१२ फेब्रुवारी
मेव्हण्याने स्वतःचा जुना टॅबलेट सुट्या कीबोर्डासकट आणून ठेवला. म्हणाला, घ्या भाऊजी, यावर लिनक्स लोण्यासारखं चालतं, मी दोन वर्षं वापरलंय. इतकं सहज मिळतंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. विचार करून सांगतो म्हटलं. त्यावर करायचंय काय नेमकं, असं त्याने विचारलं. लेखन, म्हटलं. म्हणाला, मग वहीत का नाही करत?
या पिढीला गोपनीयतेचं गांभीर्यच नाही.

१५ फेब्रुवारी
बाईंचा फोन, शेजारणीच्या नंबरवरून. छापताय ना? सांगितलं, तांत्रिक सिद्धता अंतिम टप्प्यात आहे. कसली सिद्धता, म्हणाल्या. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, तो काय असतो ते सात मिनिटं समजावलं. त्यांनी फोन ठेवला. बहुधा धीर आला असावा.
सध्या घरात पाणी उकळून पितो. बायको म्हणाली, उकळून शिसं जातं का हो? शिशाचं हिला कुणी सांगितलं? तुम्हीच, म्हणाली, झोपेत बोलता, बाईंच्या नावासकट.
आजपासून हॉलमध्ये झोपणार. दार लावून.

२१ फेब्रुवारी
मेव्हण्याचाच टॅबलेट घेतला. आधी लिनक्स नव्याने घालायचं ठरवलं, जुन्यात कुणी काही लपवलं असेल तर? (मेव्हणाच. तरीही.) स्क्रीनवर बटण आलं: सर्व पुसून टाका. चाळीस मिनिटं बोट हवेत. मेव्हणा आला, चहाचा कप डाव्या हातात घेऊन उजव्याने बटण दाबलं आणि क्रिकेटचा स्कोअर विचारला.
सगळं चालतंय. वायफाय, टच, आवाज. संशयास्पद.

२३ फेब्रुवारी
आख्ख्या डिस्कला कुलूप घातलं. पासवर्ड म्हणून स्वरचित अनुष्टुभ श्लोक, पुरे बत्तीस अक्षरांचा. चोराला आधी संस्कृत शिकावं लागेल. मलाच तिसऱ्या प्रयत्नात उघडता आलं.
बाईंचा पुन्हा फोन. उचलला नाही. त्यांच्याच सुरक्षिततेसाठी.

२८ फेब्रुवारी
अखेर लेखणी सरसावली. सहाशे शब्द, एकटाकी. मग बाईंच्या दृष्टीने वाचून पाहिला. आकडे काढले, ते फक्त प्रयोगशाळेलाच ठाऊक. प्रयोगशाळा काढली. उत्तर भाग काढला, त्यावरून प्रयोगशाळा कळते. शिसं काढलं. उरलेला लेख: ‘काही ठिकाणच्या पाण्याबाबत काही बाबी समोर येत असल्याचे समजते.’
यातून बाईंपर्यंत कुणाचा बापही पोचणार नाही. संपादकांकडे मात्र पाठवला नाही. अजून थोडा उघड वाटतो.

४ मार्च, सकाळी ९.३०
संपादकांचा फोन. पाणी प्रयोगशाळेतल्या कुणी बाई अकरा वाजता पत्रकार परिषद घेतायत, तुम्ही जा. वजन नको म्हणून कीबोर्ड घरी ठेवून निघालो. प्रसंगी पळावं लागलं तर.

४ मार्च, दुपारी ४
गेलो. बारा वार्ताहर, तीन कॅमेरे. बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, मग खरे आकडे वाचले. आवाज कापत होता, पण थांबला नाही. सगळ्यांची बोटं चालू. माझा टॅबलेट सुरू होताना श्लोक मागू लागला. त्या अवस्थेत स्क्रीनवर कीबोर्ड उमटत नाही, ही माहिती अकरा यंत्रांच्या तक्त्यात कुठेच नव्हती. बत्तीस अक्षरं पाठ. टंकायला जागा नाही.
परिषद संपल्यावर बाई माझ्यापाशी आल्या. आपला पेन आणि अहवालाची प्रत हातात ठेवली. म्हणाल्या, घ्या सर, मागच्या कोऱ्या बाजूला लिहा. मी हळूच विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाल्या, वाटतेय की, अजून वाटतेय, पण महिनाभर तुमची वाट पाहिली आणि पोरं रोज ते पाणी पीत होती.
सगळं उतरवून घेतलं. अक्षर बरं नाही आलं.
ऑफिसात बातमी दिली. संपादकांनी वाचली. विचारलं, बावीस वर्षं तुम्ही याच भागात फिरताय, या बाई तुमच्या ओळखीच्या होत्या का?
नाही म्हणालो. सूत्राचं नाव मी मेलो तरी फोडत नाही.